आधी बेकरीत जा, ताई

पत्र (थोडक्यात): मी तालुक्याच्या गावातली निवृत्त शिक्षिका, वय ६३. तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे मिरवणुकीत दगड पडले, मग मोबाइलवर काहीबाही फिरलं आणि संध्याकाळी बाजारपेठेतली सात-आठ दुकानं फुटली. आमच्या कोपऱ्यावरच्या चाचांच्या बेकरीची काचही गेली. आता गाव शांत आहे, पण माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. आम्ही चार-पाच जणींनी शाळेच्या पटांगणात सर्वधर्म शांती प्रार्थना ठेवायचं ठरवलंय. माझे दीर म्हणतात, हे सगळं फोटोपुरतं असतं. शिवाय आम्ही माळकरी, घरात वारी आहे, मग दुसऱ्यांची प्रार्थना ऐकत बसणं आपल्याला चालतं का, असंही ते विचारतात. माझ्याबरोबर नोकरीला असलेली मुस्लिम मैत्रीण म्हणाली, ‘येईन, पण दीपप्रज्वलनाला मला पुढे बोलावू नकोस.’ त्याचं मला वाईट वाटलं. अजून एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळच्या व्हिडिओत दगड हातात घेतलेला एक मुलगा मी ओळखला. माझाच विद्यार्थी. मी कुणाला काही बोलले नाही. तेव्हापासून मी बेकरीतही गेलेले नाही, पाव स्टँडजवळून आणते. प्रार्थना ठेवावी का? कशी ठेवावी? त्याने काही होतं का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रार्थनेबद्दल तुम्ही दोन पानं भरून लिहिलंय. कोण काय म्हणेल, खुर्च्या किती लागतील, पसायदान आधी घ्यायचं की शेवटी, सगळं. बेकरीची गोष्ट मात्र अगदी शेवटी, जाता जाता, तीन ओळींत. मला उत्तर त्या तीन ओळींपासून सुरू करायचं आहे.

तुम्ही लाजेपोटी बेकरीत जात नाही, हे मला पत्रातून कळलं. चाचांना ते कसं कळणार? त्यांना गल्ल्यामागून एवढंच दिसतं की तीस-पस्तीस वर्षं रोज येणाऱ्या बाई काच फुटल्याच्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. त्या काळात ‘त्यांच्याकडून काही घेऊ नका’ असे निरोप मोबाइलवर फिरले असणार, सगळीकडे फिरतात. त्यामुळे कोण येतं आणि कोण येत नाही, हे चाचा मनात मोजत असतील. लाजेने न येणारं गिऱ्हाईक आणि रागाने न येणारं गिऱ्हाईक यांतला फरक त्यांना दुकानात बसून ओळखता येत नाही. आणि उद्या तुम्ही पटांगणात प्रार्थना ठेवून त्यांना निमंत्रण पाठवलंत, तर ते येतीलही, भिडस्त माणूस असेल तर नक्कीच येतील, पण त्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच असेल की या बाई पाव कुठून आणतात.

हे मी तुम्हाला टोचून बोलत नाही. मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

जानेवारी १९९३ मध्ये मी मुंबईत एका चाळीत राहत होते. डिसेंबर आणि जानेवारी मिळून त्या दंगलींत ९०० माणसं गेली, असं त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलेलं आहे. आमच्या चाळीत कुणी मेलं नाही. पण तळमजल्यावर एक शिंपी राहायचे, त्यांचं कुटुंब एका रात्री बिऱ्हाड उचलून नातेवाइकांकडे निघून गेलं. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. कुणी ‘थांबा’ही म्हटलं नव्हतं. महिनाभराने चौकात शांती सभा झाली. मंडप, लाउडस्पीकर, पुढाऱ्यांची भाषणं, शेवटी सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं. मी उभी राहिले. आणि डोळे मिटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलं ते त्या खोलीचं कुलूप. माझ्या दोन पोलक्यांचं कापड त्यांच्याकडे शिवायला पडलं होतं. ज्यांच्यासाठी शांती मागायची, तेच तिथे नव्हते आणि त्यांना आणायला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं. पुढे ते कधी परत आले नाहीत. मला त्यांचा पत्ता शोधता आला असता. मी शोधला नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: प्रार्थना जरूर ठेवा, पण तारीख ठरवायच्या आधी बेकरीत जा. एकट्या जा, मंडळ घेऊन नको. पाव मागा, खारी मागा. ‘इतके दिवस आले नाही, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती’ एवढं एक वाक्य बोला. ते काही बोलतील किंवा बोलणार नाहीत. गप्प राहून पाव बांधून देतील. तेही चालेल. दुसऱ्या दिवशी परत जा.

याच्याशी प्रार्थनेचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मी सांगते. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना तुम्हाला माहीत असेल, अजूनही तिथे रोज पहाटे आणि संध्याकाळी होते. आपण ती एक यादी समजतो: उपनिषदातलं एक, कुराणातलं एक, पारशी एक, बौद्ध एक. पण ती यादी कुणी बसून केलेली नाही. तिथल्या कितीतरी प्रार्थना एकेका माणसाबरोबर आल्या. आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्षू राहायचा, रोज डफासारखं वाद्य वाजवत आपला मंत्र म्हणायचा. जपान युद्धात उतरल्यावर पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हा त्याची आठवण म्हणून त्याचा मंत्र प्रार्थनेच्या सुरुवातीला घेतला गेला. कुराणातला भाग गांधीजींच्या सहकारी रेहाना तय्यबजींमुळे आला. पारशी प्रार्थना आली डॉक्टर गिल्डरांमुळे, ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर कैदेत होते. आधी माणूस ओळखीचा झाला, मग त्याची प्रार्थना आपल्यात आली. आपण नेमकं उलटं करतो. चार धर्मांचे चार प्रतिनिधी फोन करून बोलावतो, त्यांना ओळीने माइक देतो, नारळ-शाल देतो आणि घरी येतो. तुमच्या दिरांना फोटोपुरतं वाटतं ते यालाच, आणि एवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे.

आता तुमच्या मैत्रिणीचं. तिचं वाईट वाटून घेऊ नका, उलट तिचे आभार माना. तिने येते म्हटलं आणि काय जमणार नाही तेही आधीच सांगितलं. जी माणसं मनात धरून ठेवतात आणि ऐन वेळी येत नाहीत, त्यांच्यापेक्षा ही कितीतरी जवळची. दीपप्रज्वलन आपल्याला साधा शिष्टाचार वाटतो, शाळेत बँकेत सगळीकडे असतो, म्हणून आपल्या लक्षातच येत नाही की तिच्या दृष्टीने ती पूजा आहे. कुंकू लावणं, आरतीचं तबक फिरवणं, फोटोला हार घालणं यांचंही तसंच. तेव्हा समई नकोच. तुमच्या घरी देवापुढे आहे ना ती, तिथे लावून या.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: कुणाच्याही तोंडी दुसऱ्याची प्रार्थना घालू नका. सगळ्यांनी मिळून पसायदान म्हणू या, असं तुम्ही लिहिलंय. मनापासून लिहिलंय, आणि पसायदानाइतकं मोठं मागणं आपल्या भाषेत दुसरं नाही हे मलाही वाटतं. तरी सगळ्यांकडून म्हणवून घेऊ नका. तुम्ही म्हणा, तुमच्या भजनी मंडळातल्या बायका म्हणू देत. बाकीचे ऐकतील. ‘भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें’ ही ओळ आली की थांबून साध्या मराठीत तिचा अर्थ सांगा. तुमची मैत्रीण सूरह फातिहा म्हणेल, सात आयतींची आहे, दोन मिनिटंही लागत नाहीत. तीही अर्थ सांगेल. तेव्हा तुम्ही ऐकाल. तुमच्याकडून ‘आमीन’ची अपेक्षा नाही आणि तिच्याकडून ‘ज्ञानदेवो सुखिया जाला’ची नाही.

हा भेद मोठमोठ्यांनाही करावा लागला आहे. २७ ऑक्टोबर १९८६ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या असिसी गावात जगभरच्या धर्मांच्या लोकांना शांतीसाठी बोलावलं. दलाई लामा होते, मुस्लिम, ज्यू, हिंदू, शीख, सगळे होते. तिथे शब्द जपून वापरले गेले: आम्ही ‘एक प्रार्थना’ करायला आलेलो नाही, प्रार्थना करायला एकत्र आलो आहोत. दिवसा प्रत्येक धर्माचे लोक गावातल्या वेगवेगळ्या जागी आपापल्या पद्धतीने बसले आणि मग सगळे एका ठिकाणी जमून एकमेकांच्या प्रार्थनेला हजर राहिले. इतकं सांभाळूनही त्यांच्याच चर्चमधून टीका झालीच. तुमच्यावरही होईल.

बौद्ध वस्तीतल्या लोकांना बोलावताना एक काळजी घ्या, सर्वधर्म कार्यक्रमांत ही चूक नेहमी होते. ‘ईश्वर एकच आहे, नावं वेगळी’ असं सूत्रसंचालक हमखास म्हणतो आणि त्याला वाटतं आपण सगळ्यांना जवळ घेतलं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या नातवाला ते वाक्य आपल्यासाठी नाही हे लगेच कळतं. जैनांचाही जगाचा कर्ता असा ईश्वर नाही. तेव्हा ते वाक्य कुणाला म्हणू देऊ नका. बौद्ध मंडळी त्रिशरण-पंचशील म्हणतील, ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हणतील. जैन घरातल्या कुणा आजींना ‘खामेमि सव्वजीवे’ म्हणायला सांगा: मी सगळ्या जीवांना क्षमा करते, सगळे जीव मला क्षमा करोत, माझी सगळ्यांशी मैत्री, वैर कुणाशीच नाही. पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला त्या ते म्हणतातच. दगडफेक झालेल्या गावात ते शब्द भर पटांगणात ऐकणं फार वेगळं असतं. ख्रिस्ती कुटुंब असेल तर डोंगरावरच्या प्रवचनातला शांती करणाऱ्यांबद्दलचा भाग वाचतील. आणि ज्यांना काहीच म्हणायचं नाही, देव मानतच नाहीत, त्यांनाही बोलवा. सगळ्यांना सामायिक काय, तर पाच मिनिटं मौन. ते मात्र पूर्ण पाच मिनिटं असू दे. आपल्याकडे मौन म्हटलं की वीस सेकंदांत कुणीतरी घसा खाकरून ‘धन्यवाद’ म्हणतो.

मौनाबद्दल मी एवढं का सांगते? १९९४ मध्ये मुंबईत माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, उद्योजक एफ. टी. खोराकीवाला यांच्या पुढाकाराने, वस्तीतल्या हिंदू-मुस्लिमांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. आमच्या भागातल्या अशाच एका बैठकीला मी पहिल्यांदा गेले, एका शाळेच्या वर्गात. मुलांच्या बाकांवर आम्ही अवघडून बसलो होतो. माझ्या शेजारी बुरखा घेतलेली, माझ्याच वयाची बाई. सुरुवातीला पाच मिनिटं शांत बसू या, असं कुणीतरी म्हणालं. मला काही सुचेना, डोळे मिटले तरी पापण्या थरथरत होत्या. तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली. दाबायला गेले तशी जास्तच. त्या बाईने न बोलता पर्स उघडली, कागदाच्या पुडीतून चिमूटभर ओवा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तिच्या बोटांना मेंदीचा वास होता, आणि हळदीचाही. स्वयंपाक टाकून आली होती, माझ्यासारखीच. त्या बैठकीत पुढे कोण काय बोललं ते आज आठवत नाही. ओवा आठवतो. ती बाई आणि मी पुढे अकरा वर्षं एकमेकींच्या घरी जात होतो, तिच्या मुलीच्या लग्नात मी पाहुण्यांना पान वाढायला होते.

तर शेजारी कोण बसतं हे फार महत्त्वाचं. व्यासपीठ करू नका. सतरंज्या घाला, गोल बसा, वयस्कर माणसांसाठी मागे खुर्च्या. हार-तुरे नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत. आमदार, नगराध्यक्ष आले तर आनंद आहे, सतरंजीवर बसतील. एका समाजाचे लोक एका बाजूला असं होऊ देऊ नका. ते आपोआप होतं, त्यासाठी तुम्हा चौघी-पाच जणींना दाराशी उभं राहून माणसांना हाताला धरून बसवावं लागेल. पन्नास माणसं असतील तर लाउडस्पीकरची गरज नाही, त्याची परवानगी काढायला नको आणि आवाजावरून नवा वाद नको. तरी पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा. वेळ असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजीनंतरची घ्या आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या बरंच आधी उठा. जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं असतं, म्हणून पाऊण तासाच्या वर लांबवू नका. शुक्रवार, रविवार, एकादशी टाळा. शेवटी गूळ-शेंगदाणे आणि पाणी ठेवा, ते कुणालाच वर्ज्य नाही.

आणि कुणी उठून विरोध केला तर? होऊ शकतं. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत वाल्मीकी वस्तीत गांधीजींच्या सायंप्रार्थनेत कुराणातली आयत सुरू होताच एका तरुणाने हरकत घेतली. जमलेले शेकडो लोक प्रार्थना चालू ठेवा म्हणत होते, त्या मुलाला बाहेर काढायला तयार होते. गांधीजींनी त्याला हात लावू दिला नाही. आणि कुराण गाळून बाकीची प्रार्थनाही केली नाही. त्या दिवशी प्रार्थनाच झाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा हरकत, पुन्हा थांबले. काही दिवसांनी हरकत घेणारेच गप्प झाले आणि प्रार्थना पूर्ण झाली. आपण गांधीजी नाही, पण एवढं आपल्यालाही जमण्यासारखं आहे: आरडाओरडा झाला तर ढकलाढकली न करता, कुणाचीही प्रार्थना न गाळता उठायचं, आणि पुढच्या महिन्यात त्याच दिवशी त्याच जागी परत बसायचं.

हो, पुढच्या महिन्यात. एकदाच ठेवणार असाल तर मी म्हणेन ठेवूच नका. दंगलीनंतरची प्रार्थना ही दुखऱ्या जागेवर फुंकर असते. साध्या दिवशी, काही झालेलं नसताना, महिन्यातून एकदा पंचवीस माणसं बसली तरी मला ती मोठी गोष्ट वाटते.

‘त्याने काही होतं का’ या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर: प्रार्थनेने दगड थांबत नाही. ज्या गावांत शांतता टिकली, तिथे लोक एकमेकांना नावाने ओळखत होते, म्हणून टिकली. भिवंडीचं उदाहरण तुमच्या पिढीला माहीत आहे. १९७०ला तिथे दंगल, १९८४ला पुन्हा मोठी दंगल. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या केल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम सारख्या संख्येने, पुढारी कमी आणि यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार, साधी माणसं जास्त. दर काही दिवसांनी बसायचं आणि काय बोलायचं, तर नळाचं भांडण, गटार, पोरांची मारामारी. डिसेंबर १९९२ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली तेव्हा खरं काय ते विचारायला कुणाकडे जायचं, हे तिथल्या माणसांना माहीत होतं.

म्हणून प्रार्थना संपल्यावर लगेच उठू नका. प्रत्येक गल्लीतले दोघं-दोघं, वेगवेगळ्या समाजाचे, बायका धरून, यांचे फोन नंबर तिथेच वहीत लिहून घ्या. मोबाइलवर काही आलं की पुढे पाठवायच्या आधी या वहीतल्या माणसाला फोन करायचा, एवढा एकच नियम. पोलीस ठाण्याची शांतता समिती असते, ती सणांच्या आधी भरते, तिचं काम वेगळं. ही वही तुमची. आणि मिरवणुकांचं बोलणं याच माणसांनी आधी बसून करायचं. २८ सप्टेंबर २०२३ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत आणि राज्यातल्या कितीतरी गावांत मुस्लिम समाजाने आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर नेली. आपली मिरवणूक शेजाऱ्यासाठी एक दिवस पुढे नेणं ही माझ्या लेखी प्रार्थनाच आहे. तुमच्या प्रार्थनेत कुणीतरी उठून त्याचे आभार मानले पाहिजेत. आपल्याकडून हे फार कमी वेळा होतं.

आता तुमच्या विद्यार्थ्याचं. हे सगळ्यात अवघड आहे आणि तुम्हाला रात्री झोप लागत नसेल ती यामुळेच, असा माझा अंदाज आहे. पोलीस तुमच्याकडे आले आणि विचारलं तर खोटं बोलू नका. पण ते येईपर्यंत नुसत्या बसूनही राहू नका. त्याच्या घरी जा. त्याची आई तुम्हाला ‘बाई’ म्हणून पाटावर बसवेल, चहा टाकेल. मुलाला समोर बसवा आणि एवढंच सांगा की मी तुला पाहिलं. रागावू नका, तुम्ही चाळीस वर्षं मुलांपुढे उभ्या राहिलात, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे नाही ते तुम्हाला मी काय सांगणार. तो नाकबूल करेल, चिडेल, ‘त्यांनी आधी दगड मारला’ म्हणेल. तेही ऐकून घ्या, कदाचित तेही खरं असेल. मिरवणुकीतल्या दगडाने ज्याचं डोकं फुटलं असेल त्याच्या घरीही तुम्ही गेलं पाहिजे, नाहीतर तुमची प्रार्थना एका बाजूची आहे असं अर्धं गाव म्हणेल. त्या मुलाला प्रार्थनेत सगळ्यांपुढे माफी मागायला लावू नका. तसं केलंत तर तो माफी मागेल आणि आयुष्यभर तुम्हाला टाळेल. चाचांच्या काचेचे पैसे त्याने महिन्याला थोडे थोडे करून द्यावेत, स्वतःच्या हाताने, हे त्याला सुचवा. झालं तर झालं. हे चाचांच्या कानावर आधी तुम्ही घाला, त्यांना नको असेल तर सोडून द्या, आणि पोलिसांत तक्रार करायची असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्यांना अडवू नका. शांती म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याने गप्प बसणं, असा अर्थ कुणाच्या मनात राहता कामा नये.

दिरांना काय सांगायचं? वाद घालू नका, ते माळकरी आहेत, त्यांना वारीचंच सांगा. देहूहून तुकोबांची पालखी निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. पालखीबरोबर ते चाललेले असतील तर त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय, ती आरती ऐकत उभेही राहिले असतील. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपल्या परंपरेने संत म्हणून मानलं, त्यांचा ‘योगसंग्राम’ वारकरी वाचतात. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि गुरुद्वाऱ्यात रोज म्हटली जातात. ऐकल्याने आपलं काही जात असतं, तर पंजाबातल्या लोकांनी नामदेव सातशे वर्षं सांभाळले नसते. दीर नाहीच आले तर नाही आले. त्यांच्यासाठी सतरंजीवर जागा ठेवा, आणि पुढच्या महिन्यात परत विचारा.

मला वाटतं तुम्ही तारीख लवकरात लवकर महिनाभराने धरावी. मधले चार आठवडे घरोघरी जाण्यात जातील. रोज संध्याकाळी दोन घरं, तुमच्यातल्या दोघी-दोघी, आणि ज्या घरी जाल तिथे चहा घ्यायचा. ‘आत्ताच झाला’ म्हणायचं नाही. तुमच्या मैत्रिणीला बरोबर घ्या, तिच्या मोहल्ल्यात ती पुढे, तुमच्या आळीत तुम्ही. प्रार्थनेत कोण काय म्हणणार हे या फिरण्यातूनच ठरेल. कुणी आजी म्हणेल मला ओवी येते, कुणी मुलगी म्हणेल मी नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गीत म्हणते, तीच तुमची पत्रिका.

बेकऱ्या पहाटेच उघडतात. उद्या सकाळी सहाच्या पहिल्या भट्टीला जाऊन उभ्या राहा. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, चाचांना बोलायला वेळ असेल. जाताना पिशवी घरून न्या, आणि त्यांनी चहा विचारला तर थांबा. मग मला दोन ओळी लिहा, मी वाट पाहते.